उजेडाच्या हिशेबानं

तिन्हीसांजेला घाटात गाडी चालवणं मी सोडलं आहे. पूर्ण काळोख एक वेळ परवडतो, त्यात निदान समोरच्या दिव्यांवरून रस्त्याचा अंदाज बांधता येतो. पण सूर्य डोंगराआड गेलेला, आभाळ अजून उजळ आणि रस्ता मात्र करडा, अशा त्या अर्ध्या-पाऊण तासात डांबर, म्हैस, कडेचा दगड आणि मळकट शर्टातला सायकलवाला सगळे एकाच रंगाचे होऊन जातात. चाळिशीत मला ही दिवसातली सर्वांत सुंदर वेळ वाटायची. आजही वाटते. पण आता ती गाडी बाजूला लावून, चहाचा कप हातात घेऊन बघायची.

गुहागर माझं माहेर. पुण्याहून निघायचं, खंबाटकी चढायची, सातारा मागे टाकून उंब्रजला उजवीकडे वळायचं. मग मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, कुंभार्ली घाट उतरून पोफळी, शिरगाव, चिपळूण आणि शृंगारतळीवरून थेट समुद्र. अडीचशे किलोमीटरच्या वरचा हा रस्ता मी नोकरीत असल्यापासून एकटीनं करत आले. शुक्रवारी ऑफिस सुटलं की घरी यायचं, आमटी-भात जेवायचा, लेकीला झोपवायचं आणि रात्री दहाच्या सुमाराला निघायचं. हवा गार, रस्ता मोकळा. पाटणच्या पुढे मी आणि एखादी रातराणी एसटी, दुसरं कुणी नाही. पहाटे पोचायचे तेव्हा मागीलदारी बंब पेटलेला असायचा आणि वहिनी विचारायची, “एकटीच आलात वन्सं, रात्रीच्या?” तिच्या आवाजातली काळजी मला तेव्हा कौतुकासारखी ऐकू यायची.

त्या प्रवासातली रात्र आता गेली. अंतर तेवढंच आहे, गावं तीच आहेत, पण मी उजेडाच्या हिशेबानं निघते. फटफटलं की गाडी बाहेर काढायची आणि ऊन कलण्याआधी घाट उतरून झालेला असला पाहिजे. थंडीत दिवस लहान. निघायला उशीर झाला तर पाटणला मुक्काम. पूर्वी पाटण म्हणजे माझ्यासाठी गिअर बदलायचं एक गाव होतं. आता तिथला बाजार, कोयनेचं पात्र आणि सकाळी शाळेकडे निघालेल्या मुलींच्या सायकली माझ्या ओळखीच्या झाल्या आहेत.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. सुरुवात समोरच्या गाड्यांच्या दिव्यांपासून झाली. वळणावरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांभोवती कडं दिसायला लागलं. वायपरनं पुढच्या काचेवर ओढलेले बारीक ओरखडे, जे दिवसा दिसतही नाहीत, ते एकदम कोळ्याच्या जाळ्यासारखे चकाकून उठायचे आणि ट्रक निघून गेल्यावर त्या जागी नुसतं काळं भोक राहायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पॅडवर डोळा काढून मला समजावलं. वय वाढतं तशी बाहुली अंधारातही पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळट, गढूळ होत जातं. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. जो पोचतो तोही गढूळ भिंगात पसरून. आणि डोळे दिपले तर सावरायला जास्त वेळ लागतो. मी घरी येऊन गणित केलं. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. डोळ्यांना सावरायला दोन सेकंद लागले, तर ३३ मीटर रस्ता मी केवळ आठवणीवर चालवलेला असतो.

पुढे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिल्यावर मार्चमध्ये मी निघाले. कोयनानगर सोडल्यावर झाडीत अंजनी फुललेली होती. अंजनीचा मोहर फांदीलाच चिकटून येतो, झुबक्या-झुबक्यांनी, निळा-जांभळा. त्या दिवशीचा निळा मी किती वर्षांत पाहिलाच नव्हता. पिवळ्या भिंगातून तो मला राखी दिसत असणार, आणि अंजनी अशीच असते असं मी धरून चालले असणार. गाडी कडेला घेऊन मी खाली उतरले, फांदी खाली ओढली आणि तो निळा अगदी डोळ्यांशी धरून बघत राहिले. भिंग बदलता येतं, रंग परत मिळतात, आणि या एका गोष्टीसाठी मी वैद्यकशास्त्राची जन्मभर ऋणी आहे. बाहुली मात्र बदलता येत नाही. रात्र परत मिळाली नाही.

बाकीचं शरीर आपापल्या पद्धतीनं बोलतं. मान पूर्वीइतकी वळत नाही, म्हणून गाडी मागे घेताना घाई करायची नाही. दुपारी जेवल्यावर झापड येते, म्हणून भात रात्री पोचल्यावर. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्यांतली एक लघवीची आहे. ती प्रवासाच्या दिवशी मुक्कामी पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं आहे, कारण उंब्रज सोडल्यावर बाईमाणसानं जावं असं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. माझ्या वयाच्या किती बायका केवळ या एका कारणानं लांबचा प्रवास सोडून बसल्या आहेत! दिवसभर पाणी न पिता त्या लग्नाला जातात आणि परतल्यावर आजारी पडतात. याला आपण वय म्हणतो. मला ते पटत नाही.

रस्त्याचं पुष्कळसं देणं आपण वयाच्या खात्यावर मांडतो. कडेची पांढरी पट्टी पहिल्याच पावसात पुसली जाते. वळणाच्या आधी चमकणाऱ्या खुणा नसतात. गतिरोधकावर रंग नसतो, काम चालू असेल तिथं एक पिंप आणि त्यावर लाल फडकं. आणि आता गाड्यांना लागलेले ते पांढरेशुभ्र दिवे, समोर कुणी आलं तरी डिपर न देता अप्परवरच ठेवलेले. पंचविशीचा मुलगा यातून निभावून नेतो, कारण त्याचे डोळे रस्त्याची उणीव भरून काढतात. माझे डोळे ती भरून काढत नाहीत, इतकाच आमच्यातला फरक. उणीव मुळात रस्त्याची आहे. जपानमध्ये सत्तरीपुढच्या चालकांनी गाडीला लावायचं एक चिन्ह आहे. आधी ते पिवळ्या-केशरी पानासारखं होतं. ते गळालेल्या पानासारखं दिसतं अशी लोकांची तक्रार झाली, आणि २०११ मध्ये त्याजागी चार पानांच्या क्लोव्हरचं चिन्ह आलं. मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट वेगळी आहे. ते चिन्ह लावलेल्या गाडीला दाबणं किंवा तिच्यापुढे जबरदस्तीनं घुसणं हा तिथं गुन्हा आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसानं कसं वागावं एवढंच सांगून कायदा थांबला नाही; बाकीच्यांनी त्याला जागा द्यावी, हेही त्यानं सांगितलं.

आपल्याकडे अशी एक सुंदर रीत घाटात आहेच. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. नियमातही ती आहे आणि जुन्या ड्रायव्हरांच्या हाडांतही. कुंभार्लीत अरुंद वळणावर मी चढत असले, की उतरणारा एसटीचा ड्रायव्हर गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबतो आणि हात बाहेर काढून मला पुढे बोलावतो. हेळवाकच्या टपरीवर एकदा अशाच एका ड्रायव्हरशी बोलणं झालं. “मावशी, ज्या गिअरात घाट चढता त्याच गिअरात उतरता, हे मागनं बघितलं,” तो म्हणाला. “आता कोण उतरतंय तसं! सगळे ब्रेकवर पाय ठेवून.” त्यानं माझं वय विचारलं नाही. पुढे पोफळीजवळ खड्डे पडलेत, डावीकडून घ्या, एवढं सांगून तो गेला.

गाडीतला रेडिओ मी आता बंद ठेवते. गाणं, रस्ता आणि डोक्यातले बेत असं तीन ठिकाणी लक्ष पूर्वी सहज वाटून देता यायचं. आता ते एकाच ठिकाणी राहतं, आणि तिथं मात्र पूर्ण राहतं. त्यामुळे माझ्या कानांना इंजिनाचा आवाज चढावर कुठं जड होतो ते कळतं. घाटमाथ्यावर काच खाली केली की वारा कोरडा असतो. काही वळणं उतरली की तोच हाताला चिकट लागतो आणि ओल्या मातीचा वास येतो. इतक्या वर्षांत कोकण नेमकं कुठल्या वळणावर सुरू होतं हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

लेक बंगळुरूला असते. फोनवर तिचं एकच, “आई, ड्रायव्हर घेऊन जा ना. पैसे मी देते.” तिची काळजी खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. पावसाळ्यात, घाटात धुकं असताना, मी ड्रायव्हर घेऊनच जाते. पण उरलेलं वर्ष? तरुणपणी गाडीत एकटं असण्याचं सुख असं होतं, की घर, ऑफिस, सासर, सगळ्यांच्या हाकांपासून काही तास सुटका. आता हाका मारणारं घरात कुणी नाही. हे गेले, लेक लांब. मग एकटं असायला गाडीत कशाला बसायचं, असं तिला वाटणारच. तिला मी कसं सांगू, की घरातलं एकटेपण माझ्याकडे काही मागत नाही. दिवसभर ते नुसतं असतं. रस्त्यावरचं मागतं. प्रत्येक वळण विचारतं, तू जागी आहेस ना? आणि सात-आठ तास मला उत्तर द्यावं लागतं. गुहागरला उतरते तेव्हा गुडघे आखडलेले असतात, पण कितीतरी दिवसांत कुणी आपल्याशी मनापासून बोललं असावं तसं मन भरलेलं असतं. मागच्या सीटवर बसून हे मिळत नाही. मी बसून पाहिलं आहे.

वयाच्या पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि दर वेळी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. काही मैत्रिणींना त्यात अपमान वाटतो. मला हा नियम योग्य वाटतो, उलट तपासणी आणखी कसून व्हावी. नुसती भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यापेक्षा दिपलेले डोळे किती वेळात सावरतात ते बघावं, मान किती वळते ते बघावं. ब्रिटनच्या प्रिन्स फिलिप यांनी २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, परवाना आपणहून परत केला. पण तो अपघात झाल्यानंतर. मला तो दिवस अपघाताच्या अलीकडे ओळखता यायला हवा आहे. म्हणून दर खेपेला मी एकच गोष्ट तपासते. भर दुपारी, लख्ख उन्हात, कुंभार्लीच्या वळणावरून वर येणारी एसटी मला आधी दिसली की आधी तिचा हॉर्न ऐकू आला. अजून तरी ती आधी दिसते. ज्या दुपारी हॉर्न आधी येईल, त्या दुपारी किल्ली भाच्याकडे द्यायची, हे त्याला आणि लेकीला दोघांनाही सांगून ठेवलं आहे. भाचा गाडी चांगली चालवतो, फक्त घाट ब्रेकवर उतरतो. या दिवाळीत त्याला शेजारी बसवून गिअरवर उतरायला शिकवायचं आहे.