पांढरी साडी, सावळा चेहरा

सोमवार ते शनिवार मी कार्यालयात आवक-जावक रजिस्टर लिहितो आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरतो. वस्तीत मला कुणी 'बाबू' म्हणते, कुणी 'फोटोवाले दादा'. समाजाच्या कामात असल्यामुळे जयंती, बैठका, वधू-वर परिचय मेळावा हे सगळे आलेच. त्यात गेल्या काही वर्षांपासून मॉडेल व्हायचे मनात असलेल्या मुलामुलींचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे येऊ लागले. यवतमाळात मॉडेल कुठून आल्या, असे वाचकांना वाटेल. त्या आपल्याच घरातल्या आहेत. कुणाचे वडील बाजार समितीत हमाली करतात, कुणाची आई शाळेत खिचडी शिजवते. "तुमी कार्यकर्ते माणसं, अन् पोरींचे फोटो काढत फिरता?" असे एका ज्येष्ठांनी मला भर बैठकीत विचारले होते. तेव्हा उत्तर सुचले नाही. आज सविस्तर सांगतो.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, २००१ साली, ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडून मी जुना यशिका कॅमेरा हप्त्याने घेतला. ३६ फोटोंचा रोल, त्याची धुलाई, प्रिंट, सगळा खर्च अंगावर. बटण दाबताना हात आखडायचा. पहिले मोठे काम मिळाले ते चुलत बहिणीच्या लग्नाचे, दारव्हा तालुक्यात. आपल्या रिवाजाप्रमाणे नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यात, मागे चुन्याची पांढरी भिंत. मी मोठ्या उमेदीने तीन रोल संपवले. प्रिंट आल्या तेव्हा साडी राखाडी, भिंत मळकट, आणि बहिणीचा चेहरा असा काळवंडलेला की नाक-डोळे शोधावे लागत. पाहुण्यांपैकी एक बाई हसत म्हणाल्या, "पोरगीच सावळी, त्याले फोटोवाला काय करन?" बहिणीने अल्बम पेटीच्या तळाशी ठेवून दिला. आणि मीही तेच मानले, की रंगच तसा, आपला काय दोष! हे लिहिताना आजही लाज वाटते.

वर्षभराने कलर लॅबमधल्या एका वयस्क कारागिराने ते फोटो पाहिले. तो म्हणाला, "बाबू, पोरीचा नाही, तुमच्या मीटरचा दोष आहे. मीटर मुका असतो. त्याला साडी कळत नाही, माणूस कळत नाही." मग त्याने समजावले ते असे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर येईल ते सगळे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारे. समोर पांढरीशुभ्र साडी आणि पांढरी भिंत आली की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. साडी राखाडी होते आणि चेहरा काळोखात बुडतो. उपाय सोपा आहे. मीटर साडीवर धरायचा नाही, जवळ जाऊन गालावर धरायचा, किंवा मीटर सांगतो त्यापेक्षा एक-दीड स्टॉप उजेड जास्त घ्यायचा. सावळ्या चेहऱ्याला रंग लावावा लागत नाही. त्याच्यापुरता उजेड मोजावा लागतो, एवढेच.

पुढे वाचनात आले की ही गोष्ट माझ्या मीटरपुरती नव्हती. अमेरिकेतली कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. कंपनीतच काम करणाऱ्या पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा नीट आला म्हणजे मशीन नीट, असा हिशेब. कित्येक वर्षे कित्येक देशांतले चेहरे त्या एका बाईच्या चेहऱ्याला जुळवून छापले गेले. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून कंपनीने सुधारणा केली, त्यामागे चॉकलेट बनवणाऱ्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारी होत्या, असे पुढे कंपनीतल्याच माणसांनी सांगितले. टेबल-खुर्ची नीट दिसावी म्हणून ओरड झाली, ती ऐकली गेली! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेले कार्ड निघायला १९९० चे दशक उजाडले.

आता डिजिटल कॅमेरा आहे, रोलचा खर्च नाही. पण पांढऱ्या साडीपुढे आजचा मीटरही चुकतो, आणि मोबाईल तर न विचारताच चेहरा उजळून देतो.

माझ्याकडे पोर्टफोलिओसाठी आलेली पहिली मुलगी बारावी झालेली. वडील हमाल. ती आईला घेऊन आली होती. माझा तो नियमच आहे, घरचे कुणीतरी सोबत पाहिजे, आणि फोटो कुठे जाणार ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या. कारकुनी सवय म्हणा. तिच्या वडिलांनी एकच विचारले होते, "बाबू, माह्या पोरीचा फोटो भलत्याच्या हातात तं नाही जाईन?" एक तरुण पुढे माझ्याकडे 'स्थळासाठी' म्हणून तिचा फोटो मागायला आला, तेव्हा तो कागदच कामी आला.

स्टुडिओचे भाडे परवडणारे नव्हते. दिवाळीनंतरचे दिवस. ओळखीच्या मुनीमजींना विचारून एका जिनिंगच्या आवारात गेलो. आपल्या जिल्ह्याला त्या दिवसांत पांढऱ्या रंगाची काय कमी! कापसाचे डोंगर लागलेले, ऊन उतरतीला आलेले. मुलीला ढिगाच्या बाजूला उभे केले, आणि पाहतो तो कापसावरून परतलेला मऊ उजेड तिच्या गालावर, हनुवटीखाली, डोळ्यांत. शहरातले फोटोग्राफर यासाठी थर्माकोलचे तक्ते आणि छत्र्या वापरतात. ज्या पांढऱ्याने बहिणीचा चेहरा बुडवला होता, त्याच पांढऱ्याने हा चेहरा वर काढला. मीटर गालावर धरला. तिची आई लहानपणापासून कापूस वेचत आलेली, ती म्हणाली, "आमी एवढा कापूस वेचला, पण त्याचा असा उजेड असते हे नाही पाह्यलं बा."

इथपर्यंत ठीक. यानंतर मी जे केले ते सांगायलाच पाहिजे. मोठ्या शहरातल्या एका एजन्सीने तिच्याकडे फोटो मागितले होते आणि 'फेअर' चेहरा पाहिजे म्हणून कळवले होते. मी रात्री संगणकावर बसलो आणि तिचा रंग दोन-तीन छटांनी उतरवला. पोरीचे भले व्हावे हा हेतू. सकाळी प्रिंट दाखवली. आईने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे कोण होय?" मुलगी काहीच बोलली नाही. तिने ओढणी नीट केली आणि भिंतीकडे पाहू लागली. मला तो पेटीच्या तळाचा अल्बम आठवला. तेव्हा निदान मला मीटर कळत नव्हता. आता कळत असूनही मी तेच केले होते.

मूळ फाईल होती, त्यावरून पुन्हा प्रिंट काढली. तीच पाठवली. एजन्सीने मग नोंदणीचे पंधरा हजार मागितले, तेव्हा तो विषय आम्ही तिथेच बंद केला. ती मुलगी काही मोठी मॉडेल झाली नाही. गावातल्या एका साडीच्या दुकानासाठी दोनदा उभी राहिली, त्याचे रीतसर पैसे घेतले, आणि आता नर्सिंग करते आहे. कापसाजवळचा फोटो त्यांच्या घरात आहे. मी त्यानंतर चेहऱ्याचा रंग बदललेला नाही. दोन-तीन गिऱ्हाइके त्यामुळे गेली. जाऊ द्या.

चेहऱ्याचे फोटो कसे काढावेत हे मी शिकलो ते अकोल्याच्या सुधारक ओलवे यांच्या कामावरून. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो पाहावेत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंत घाण आहे, गटार आहे, पण माणसाचा चेहरा कुठे हरवत नाही. माझ्या आजीचा एकही फोटो नाही. ती कशी दिसत होती हे सांगणारे आता घरात कुणी उरले नाही. म्हणून मी रविवारी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना दारात बसवून फोटो काढतो. त्याचे पैसे घेत नाही.

पण आपल्याच घरातली गोष्ट राहिली. 'फेअर अँड लव्हली' क्रीम १९७५ साली बाजारात आले, २०२० साली कंपनीने त्यातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो अँड लव्हली' केले. कंपनीने नाव तरी बदलले. आमच्या परिचय मेळाव्याचा फॉर्म मीच टाईप करतो. त्यात नाव, शिक्षण, उंची यानंतर एक रकाना आहे, 'वर्ण'. लोक भरतात : गोरा, निमगोरा, गहूवर्णी. सावळा असे लिहिणारे फार थोडे. बाबासाहेबांनी ज्या शब्दातून आपल्याला बाहेर काढले, तोच शब्द आपण रकान्यात छापतो आणि वर फोटो उजळून देतो. गेल्या वर्षी मी तो रकाना गुपचूप गाळला. समितीत गोंधळ झाला. "लोक विचारतात, मग सांगायचं काय?" असे एक जण म्हणाले. त्यांची अडचण खोटी नाही, त्यांच्या घरी तीन मुली आहेत. शेवटी रकाना ठेवायचा की नाही हे पुढच्या बैठकीवर ढकलले, आणि पुस्तिकेतले फोटो मात्र माझ्यावर सोपवले.

तर मेळाव्यासाठी फोटो काढायचे असतील त्यांनी रविवारी दुपारी चारनंतर विहाराच्या मागच्या भिंतीशी यावे. ऊन तेव्हा उतरते. सोबत घरचे कुणीतरी असावे. पावडर लावून येऊ नये, आणि पांढरी साडी नेसून आलात तरी चालेल.