पट्टी कुठली?

जुना ग्रामोफोन दुरुस्त करणं तसं अवघड नाही. सुकून चिकट झालेलं वंगण काढायचं, तुटलेली स्प्रिंग बदलायची, साउंडबॉक्समध्ये अभ्रकाच्या पडद्याभोवतीचं टणक झालेलं रबर काढून नवं बसवायचं. कर्णा चोर बाजारात मिळतो. फक्त तो फारच चकचकीत पितळी असला तर समजावं, हा 'अँटिक' गेल्याच वर्षी जन्मला. यंत्र सुरू झालं की पाहुणे टाळ्या वाजवतात. माझी पंचाईत तिथून सुरू होते: तबकडी फिरवायची किती वेगानं?

मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पुढे रूढ झाला. त्याआधीच्या तबकड्या ७० ते ८०च्या दरम्यान कुठेही भरलेल्या असत. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वरानं चढते. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये गाऊ लागते, आवाज कोवळा होतो, तान चपळ होते आणि आपण 'काय तयारी होती हो त्या काळी!' म्हणून मान डोलावतो. ती तयारी कदाचित यंत्राच्या वेग-स्क्रूची असते.

नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गनं गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. विजेवरचं ध्वनिमुद्रण यायला १९२५ उजाडायचं होतं. तोवर गायकानं कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून तीन मिनिटांत राग आटोपायचा. शेवटी गौहर इंग्रजीत आपलं नाव सांगते. मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळावं, म्हणून ही युक्ती, असं सांगतात. नावाची सोय झाली, पट्टीची राहिली. पण आज तीच घोषणा कामी येते. गाण्यात कान फसतो, बोलण्यात सहसा फसत नाही. बोलणं माणसासारखं वाटेल तो वेग मी खऱ्याच्या जवळचा मानतो. (अल्लादिया खाँसाहेबांनी तबकडीच भरली नाही, त्यांच्या बाबतीत हा वाद घालायची सोयच नाही.)

खरखर मात्र मी फारशी काढत नाही. संगणकावर ती धुऊन काढता येते, पण तिच्याबरोबर तंबोऱ्याची आस आणि गायकाचा श्वासही जातो. स्वच्छ प्रत हवी तर जरूर करावी, मूळची जशीच्या तशी राखून.

तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटनं तर मुळीच पुसू नका. त्या लाखेच्या आहेत, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. वाजवायच्याच असतील तर प्रत्येक बाजूला नवी सुई लावा. आणि ऐकताना घरातली एखादी आजी म्हणाली, 'अगं, हा एवढा वर नव्हता गात,' तर हसू नका. गाण्याचं नाव आणि तिचं म्हणणं पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा.