बाटलीला कुठला गोंद? सहा किलोचा हिशेब

आज बागेचं नाही, गोंदाचं लिहितो. ज्यांनी पाइपलाइन आणि ठिबक स्वतःच्या हातानं जोडलंय, त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक असणार.

पुतणी नववीत आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिला पाण्याचं रॉकेट करायचं होतं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्यायची, त्यात एक तृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत सायकलच्या पंपानं हवा. तोंड मोकळं केलं की दाबलेली हवा पाणी खाली फेकते आणि बाटली वर जाते. एका बाटलीचं रॉकेट सोपं. हवा कोंडायला त्यात गोंद लागतच नाही. पण हिला दोन लिटरच्या दोन बाटल्या कापून, जोडून मोठं रॉकेट करायचं होतं. हवा जास्त मावली की उडी मोठी.

तिच्या वडिलांचं म्हणणं एकच, "फुटली आणि कुणाच्या पोराच्या डोळ्याला लागली तर?" त्यांचंही चूक नव्हतं. शाळेत प्रयोग म्हटला की पहिलीची पोरं सगळ्यात पुढं येऊन उभी राहतात. माल काढणीची गडबड होती, तरी म्हटलं, बघू. आधी हिशेब करू.

दोन लिटरच्या बाटलीचा व्यास साधारण ११ सेंटिमीटर. म्हणजे आडवा छेद सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर. पाइपच्या भाषेत चार किलोचा दाब भरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ४ किलो. ९५ गुणिले ४, म्हणजे ३८० किलोचा जोर दोन बाटल्या एकमेकींपासून उपसायला बघतो. पन्नास किलोची साडेसात पोती त्या जोडाला टांगल्यासारखं झालं. पोरगी वहीकडं बघत बसली.

आता दुसरी बाजू. एक बाटली दुसरीत अडीच सेंटिमीटर आत घातली आणि घेर साडेचौतीस सेंटिमीटर धरला, तर गोंदाला पकडायला ८६ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. ३८० भागिले ८६. एका चौरस सेंटिमीटरला साडेचार किलोपेक्षा कमी. चांगल्या गोंदाला हे काहीच नाही.

मग जोड सुटतात का? कारण गोंद ओढून सुटत नाही, सोलून सुटतो. मक्याचं कणीस आठवा. पानं कणसापासून सरळ ओढली तर हाताला रग लागते. टोकाला नख घालून सोललं की सरसर निघतात. जोर तोच, पण सगळा एका बारीक रेषेवर येतो. बाटलीत हवा भरली की ती थोडी फुगते, थोडी लांब होते. गोंद कडक असेल तर तो फुगत नाही. कडेला बारीक भेग पडते आणि तिथून सोलायला सुरुवात. म्हणून "सगळ्यात मजबूत गोंद कुठला" हा प्रश्नच सोडून द्यायचा. बाटली कुठल्या प्लॅस्टिकची आणि ती फुगेल तेव्हा गोंद तिच्याबरोबर फुगेल का, हे दोन प्रश्न विचारायचे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाटलीच्या बुडाशी असतं. त्रिकोणात १ आकडा म्हणजे पेट. आपला पांढरा-करडा पाइप पीव्हीसीचा. ठिबकची नळी पॉलिथिनची. तिन्ही प्लॅस्टिकच, पण तिघांच्या जाती वेगळ्या.

घरात पहिलं काय सापडतं? पाइपचं सोल्युशन. पोरगीनंही तेच उचललं होतं. पण सोल्युशन हा खरं तर गोंद नाही. ते पीव्हीसीला वरून विरघळवतं, दोन्ही तोंडं एकजीव होतात आणि त्यातला द्रव उडून गेला की एकच पाइप होतो. पेट त्याला तसं दाद देत नाही. वाळलं की नखानं पापुद्रा निघतो.

मग दुकानातली छोटी ट्यूब, पाच-दहा रुपयांची, बोटं चिकटवणारी. पेटला ती धरते, पटकन धरते, पण काचेसारखी कडक होते. फुगण्याला आणि सोलण्याला तिच्यात काही दम नाही. रॉकेटचे पंख जागेवर उभे करायला चालेल, हवा कोंडायला नाही.

दोन ट्यूब मिसळायचा इपॉक्सी ताकदीला भारी. लोखंड, लाकूड, दगड धरतो. पण गुळगुळीत पेटवर त्याची पकड वरवरची, आणि वाळला की ताठ. बाटली दाबली तरी कडकड आवाज येऊन सुटतो.

गरम गोंदाची बंदूक तर लांबच ठेवा. पेट सत्तर-ऐंशी अंशाला मऊ पडतं आणि आकसतं. बंदुकीतला गोंद त्याहून बराच तापलेला असतो. जोडायला जावं आणि बाटलीच वाकडी व्हावी.

सिलिकॉन मऊ आहे, फुगतो, पाणी अडवतो. पण तो मुळात फटी बुजवायला. ३८० किलो पेलायचं काम त्याचं नाही.

उरला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. गाडीची पुढची काच बसवतात तो काळा घट्ट मसाला त्याच जातीचा. पाण्याची रॉकेटं हौसेनं करणारे लोक परदेशातही बाटल्या जोडायला बहुतेक हाच वापरतात. घासलेल्या पेटला चांगला धरतो, वाळल्यावर रबरासारखा चिवट राहतो. बाटली फुगली की तोही ताणतो, कडेला भेग पडत नाही. घेताना नळीवर "पॉलियुरेथेन" वाचूनच घ्या. रंग सारखा असला तरी आत सिलिकॉन असू शकतो.

मात्र त्याची एक खोड आहे. तो ऊन्हानं वाळत नाही, हवेतली ओल पिऊन घट्ट होतो. आमच्याकडं तासगाव भागात फेब्रुवारीची हवा कोरडी. त्यात दोन बाटल्यांच्या मधे हवा जायला जागा नाही. म्हणून गोंद लावायच्या आधी पृष्ठभागावर पाण्याचा अगदी हलका फवारा, नंतर जोडावर ओलसर फडकं. आणि घाई नाही. बाहेरून कडक लागला तरी आतला भाग कच्चा असतो. आम्ही सात दिवस हात लावला नाही. पोरगी रोज संध्याकाळी येऊन बोटानं दाबून बघायची आणि मी ओरडायचो.

जोडायची पद्धत थोडक्यात लिहितो, कारण गोंद बरोबर असून तयारी चुकली तर उपयोग नाही.

एका बाटलीची कापलेली कड गरम पाण्यात जरा बुडवली की आकसते, मग ती दुसरीत बसते. जिथं गोंद लागणार तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरनं घासून धुरकट करायची. उघड्या जागेवर ओरखडा नको, दाबाखाली बाटली तिथूनच फाटते. मग स्पिरिटनं पुसायचं आणि परत बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पुरेसं असतं. शेवटी तिसऱ्या बाटलीचा सात-आठ सेंटिमीटर रुंद पट्टा कापून जोडावर बाहेरून त्याच गोंदानं चढवायचा. यातच खरी मेख आहे. आतून दाब आला की आतली बाटली पट्ट्यावर दाबली जाते. गोंद सोलला जाण्याऐवजी चेपला जातो.

गोंद नकोच असेल तर ठिबककडं बघा. पॉलिथिनला गोंद धरत नाही म्हणून तर आपण सबमेनला भोक पाडून रबरी ग्रोमेट बसवतो. तीच अक्कल इथं चालते. एका बाटलीच्या बुडाला आणि दुसरीच्या बुचाला भोक पाडून, मधून आट्याची पोकळ नळी, दोन्हीकडं रबरी वायसर आणि नट. बाटल्या कापायच्या नाहीत, सात दिवस थांबायचंही नाही. फक्त बूच गोंदानं चिकटवायच्या फंदात पडू नका. बूच पेटचं नसतं, पॉलिथिनच्याच जातीचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोड कितीही सुंदर दिसला तरी पहिल्यांदा हवा भरायची नाही. पूर्ण पाणी भरायचं, काठोकाठ. पाइपलाइनमधली हवा काढल्याशिवाय आपण मोटर पूर्ण दाबानं चालवत नाही, त्याचं कारण तेच. पाणी दबत नाही, त्यामुळं जोड सुटला तर टप्प होऊन गळतं. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते, सुटली की तुकडे घेऊन सुटते.

चार किलोवर उडवायचं असेल तर सहा किलोवर तपासायचं. बुचात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, लांब नळी, घड्याळ असलेला पंप, डोळ्याला चष्मा आणि माणसं वीस फुटांवर. फवारणीचा एचटीपी पंप समोर दिसतो म्हणून तो जोडायचा नाही. त्याच्या दाबाला बाटली टिकायची नाही.

पोरगीनं तीन जोड केले होते. छोट्या ट्यूबचा दीड किलोला गळाला. इपॉक्सीचा तीनच्या आत कडेनं उकलला. दोन्ही वेळा नुसतं पाणी सांडलं, कुणाला काही झालं नाही. तिचे वडील बांधावर उभे राहून बघत होते. पीयूचा जोड सहा किलोवर दहा मिनिटं धरला. ते खाली आले, जोडावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो पाइपवाल्यांनी शिकावा."

तरी शाळेत तिनं एका बाटलीचंच रॉकेट उडवलं. हा निर्णय तिचाच. म्हणाली, "तात्या, एवढ्या पोरांना वीस फूट मागं कोण ठेवणार?" जोडलेलं रॉकेट टेबलावर ठेवलं, शेजारी फुटलेले दोन जोड आणि हिशेबाची वही. गुरुजींनी सगळ्यात जास्त वेळ त्या फुटक्या जोडांपाशीच घालवला.

मोठं रॉकेट रविवारी छाटलेल्या रिकाम्या रानात उडवलं, घरची चार माणसं, सगळी लांब. जोडावर तिनं मार्करनं तारीख आणि "६ किलो, पाणी" असं लिहिलंय. प्रत्येक उडीनंतर एक रेघ मारते. जोडापाशी पांढरट शीर दिसली की बाटली बाद, मग ती कितीही लाडकी असो. तुमच्या घरी पोरं करणार असतील तर एवढी तारीख आणि रेघ त्यांना लिहायला लावा.