शेवटचे कडवे

सायंकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहातील मुले भीमगीत गातात, तेव्हा शेवटचे कडवे संपेपर्यंत आम्ही जागचे हलत नाही. या सवयीमागे आमची एक जुनी चूक आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ती नोंदवून ठेवावीशी वाटते.

इतिहासात एम. ए. केल्यानंतर, या शाळेत रुजू होण्यापूर्वी, आम्ही काही वर्षे मुक्त पत्रकारिता केली. विषय एकच : लोकप्रिय गाणे. जलसे, कव्वालीचे सामने, कॅसेटचा बाजार यांवर रविवारच्या पुरवण्यांसाठी लिहायचे, हस्तलिखित टपालाने पाठवायचे आणि मानधनाच्या मनिऑर्डरची वाट पाहायची. प्रवासखर्च पदरचा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागत. प्रत्येक कर्ण्यावर निराळे गाणे. वही घेऊन आम्ही तेथे दिवसभर फिरत असू.

अशाच एका कॅसेटवरील गीताला आम्ही लेखात ‘पारंपरिक लोकगीत’ म्हटले. वेष्टनावर गायकाचे नाव ठळक होते, गीतकाराचे नव्हतेच. लेख छापून आला आणि आम्ही सुखावलो. पुढच्या जयंतीला एका वस्तीतील आजींनी आम्हांला बोलावून घेतले. म्हणाल्या, “बाबा, तुझं लिवलेलं नातवानं वाचून दाखवलं. या गाण्याला धनी न्हाई म्हनतोस?” आणि त्यांनी कॅसेटमध्ये गाळलेले शेवटचे कडवे गाऊन दाखविले. त्यात ‘वामन’ ही नाममुद्रा होती.

वामनदादा कर्डकांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर गीते लिहिली, गावोगावी गायिली आणि अनेक गीतांच्या अखेरीस आपले नाव गुंफले. चोखोबांच्या अभंगांतही अखेरीस असेच नाव येते. ज्यांच्या नावाचे ताम्रपट कोणी कोरले नाहीत, त्यांनी आपली सही गाण्यात ठेवली. इतिहासाचे विद्यार्थी असूनही आम्ही ते साधन पाहिले नाही. ‘लोकगीत’ हा शब्द गौरवाचा वाटतो. पण हयात कवीच्या गीताला तो लावला की त्याचे कर्तृत्व पुसले जाते. येथे पुसणारा हात परका नव्हता, याचे शल्य अधिक.

आम्ही दुरुस्तीचे पत्र पाठविले. ते छापले गेले नाही. मात्र त्या दिवसापासून वहीत प्रत्येक गीतासमोर गीतकार, गायक आणि ऐकल्याचे ठिकाण लिहू लागलो. २००४ मध्ये वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही गेले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी विठ्ठल उमप दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असतानाच कोसळले. तेव्हा आमच्या हाती निदान या नोंदी होत्या.

आज आमचे विद्यार्थी सुट्टीत घरी जाताना एक कोरी वही नेतात. आजी-आजोबांची गाणी पूर्ण उतरवून आणायची, हा त्यांचा गृहपाठ. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच : तुमच्या घरी, वस्तीत कोणी जुने गीत गात असेल, तर मध्येच उठू नका. शेवटचे कडवे ऐका, लिहून घ्या, आणि त्यातील नावासह आमच्याकडे पाठवा.