सोलापुरी चादर आणि डोंगरातली थंडी

आम्ही सोलापूरची माणसे. ऊन आम्हाला नवे नाही. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर चढतो, तरी आमची बाया-माणसे डोक्यावर पदर घेऊन कामाला जातातच. थंडी मात्र आमच्याकडे पाहुणी. डिसेंबरात येते, महिनाभर राहते आणि निघून जाते. घरात एखादा स्वेटर असला तर तो दहा वर्षे पुरतो. अशा माणसांनी जानेवारीत हिमालयाच्या पायथ्याशी जायचे ठरवले, तर काय फजिती होते ते सांगण्यासाठी हा लेख.

वस्तीतल्या भिशीत वर्षभर पैसे साठवून आम्ही आठ जण धर्मशाळेला निघालो. आमच्या मंडळी, आमची आई आणि शेजारची पाच माणसे. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीने पठाणकोट आणि पुढे बसने वर. १९५९ साली तिबेट सोडावे लागलेल्या दलाई लामांचा मुक्काम १९६० पासून याच गावी आहे. वरच्या अंगाला मॅक्लिऑडगंज, तिथे त्यांचे मोठे विहार.

निघण्याआधी घरात जर्किनवरून वाद झाला. आम्ही रस्त्यावरच्या एका गाड्यावर चकचकीत रेक्झिनचे जाडजूड जर्किन घेतले. हातात वजनदार लागले म्हणजे उबदार असणार, हा आमचा कारकुनी हिशेब. मंडळींनी तिबेटी स्वेटरवाल्यांकडून लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घेतली. आई मात्र काही घ्यायला तयार होईना.

"मला काय करायचंय जर्किन? तुझ्या बापानं विणलेली चादर हाय की."

"आत्या, तिकडं बर्फ पडतो म्हणत्यात," मंडळी म्हणाल्या.

"पडू दे. या चादरीत तुमच्या नवऱ्याला वाढवलाय मी."

आमचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात होते. जेकार्डवर विणलेली ती चादर त्यांच्या हातची. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले, ती बातमी वाचून आईने पेटीतली चादर काढून उन्हात घातली होती. आम्ही पुढे बोललो नाही. आईच्या अंगावर चादर आणि आमच्या अंगावर रेक्झिन, असे आम्ही पोहोचलो.

आता थोडा हिशेब. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. मॅक्लिऑडगंज दोन हजार मीटरच्या आसपास. हजार मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीनेच दहा अंश गेले. त्यात ते गाव उत्तरेला, समोर बर्फाने पांढरी झालेली धौलाधारची रांग, आणि तिकडून येणारा वारा. हा हिशेब आम्ही घरी केला असता तर पुढचे टळले असते.

दुसऱ्या दिवशी विहाराभोवतीच्या डोंगरवाटेने प्रदक्षिणा करीत होतो. म्हातारी तिबेटी माणसे हातात माळ घेऊन संथ चालत होती. अर्ध्या वाटेत पाऊस सुरू झाला, त्यात बर्फाचे कण. आमचे रेक्झिन वरून भिजेना, पण आत चढणीचा घाम साठला आणि थांबल्याबरोबर तोच घाम गार पडला. आईची चादर तर पाणी पिऊन जड झाली. सुती कापड ते. सोलापुरात घाम टिपायला चांगले, पण ओले झाले की अंगातली ऊब ओढून घेते आणि लवकर वाळत नाही.

आई आधी थरथरत होती. मग थरथर कमी झाली. आम्हाला वाटले, बरे वाटतेय. पण तिचे बोलणे जड येऊ लागले, आणि "मला हितंच बसू दे, झोप येतीया" असे ती म्हणू लागली. बाजारातल्या एका तिबेटी दुकानदार बाईने ते पाहिले आणि हाताला धरून तिला आत नेले. बायकांनी आडोसा केला, ओली चादर आणि ओले लुगडे काढले, कोरडे कपडे आणि घोंगडी पांघरली. मग हळूहळू गरम गोड चहा. अर्ध्या तासाने आई पुन्हा थरथरू लागली, तेव्हा ती बाई हसली. म्हणाली, "आता ठीक आहे. थरथर थांबून माणूस पेंगायला लागला की घाबरायचं."

आम्ही तिथेच आईसाठी जर्किन घेतले. डोंगरात आहे तर स्वस्त असेल, असे बोललो. बाई म्हणाली, "माल लुधियानाचाच. हिवाळ्यात आमची माणसं हाच घेऊन तुमच्या महाराष्ट्रात विकायला जातात." आम्ही एकमेकांकडे पाहिले. जी वस्तू घराजवळ मिळत होती, तिच्यासाठी आई संकटात पडली होती.

त्या बाईने जर्किन कसे पाहायचे ते शिकवले, ते वाचकांसाठी देतो. वजन पाहू नये. ऊब कापडाची नसते, कापडात अडकलेल्या हवेची असते. म्हणून आत कापूस नको, पॉलिस्टरचे भरण असावे. पिसांचे भरण हलके आणि फार उबदार, पण भिजले की चिकटते आणि निकामी होते. बाहेरचे कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर सहज आरपार गेली तर वाराही जाईल. चेनच्या आत कापडाची पट्टी हवी. बाहीला इलॅस्टिक, मागे टोपी आणि लांबी कमरेच्या खाली. आणि विकत घेताना आत स्वेटर घालून पाहावे, जर्किन अंगाला आवळले तर हवेला जागाच राहत नाही.

एकच जाड कपडा घालण्यापेक्षा तीन थर बरे. अंगालगत घाम न धरणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा-पाऊस अडवणारा. चढताना एक काढावा, थांबताना घालावा.

हे ऐकताना विनयपिटकातील महावग्गाची आठवण झाली. वैशालीच्या गोतमक चैत्यात भगवान बुद्ध ऐन हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर एका चीवरानिशी बसले. पहिला प्रहर सरला आणि थंडी वाजली, तेव्हा त्यांनी दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरल्यावर तिसरे, पहाटे चौथे. मग थंडी न सोसणाऱ्या भिक्खूलाही तीन पुरतील असे ठरवून त्यांनी तीन चीवरांची अनुज्ञा दिली, त्यातली संघाटी दुहेरी. आधी स्वतःच्या अंगावर थंडी पाहिली, मग नियम केला. आम्ही मात्र न पाहताच निघालो होतो.

त्या रात्री खोलीत आई म्हणाली, "जर्किनचे पैसे पोरीच्या फीला ठेवायचे व्हते, म्हणून नको म्हनले." तेव्हा कळले की हट्ट चादरीचा नव्हता. आमच्या घरातल्या बायका स्वतःवरचा खर्च असाच टाळतात, आणि आपण त्याला हट्ट म्हणून मोकळे होतो.

परतीच्या गाडीत आई तीच चादर पांघरून झोपली. चादरीचे काम तिथेच होते. जर्किन आता आमच्या घरी खुंटीला टांगलेले असते. गेल्या हिवाळ्यात वस्तीतला एक मुलगा परीक्षेसाठी चंदीगडला गेला, तेव्हा आईनेच ते धुऊन, घडी घालून त्याला दिले. थंड मुलखात कामाला, परीक्षेला किंवा दर्शनाला कोणी जाणार असेल, तर प्रत्येक वस्तीत अशी दोन-चार जर्किने वर्गणीतून ठेवता येतील. आमच्याकडचे एक आहेच. मागून न्यावे आणि वाळवून परत करावे.