काकांचं देणं

बार्शी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो. साथ कशी ओळखावी, हे मला तिथल्या एका ज्येष्ठ आरोग्यसेवकांनी शिकवलं. सगळा गाव त्यांना काका म्हणे. त्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे.

काका घरात शिरले की आधी रांजणाकडे जात. बॅटरीचा झोत पाण्यावर टाकत. एडिस डासाच्या अळ्या उजेडाला बुजून तळाशी पळतात, म्हणून जरा दम धरत आणि मग पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळत. फडक्यावर वळवळ दिसली की घरच्या बाईला हाक मारत, "ताई, बघा, हे तुमच्याच घरात वाढतंय." ताई लगेच रांजण घासायला घेई. पत्रकं वाटून हे कधी साधलं नसतं.

2006 मध्ये ताप आणि धरलेले सांधे घेऊन माणसं ओपीडीत येऊ लागली. त्यांची वाकलेली चाल बघून काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे त्र्याहत्तरचं दुखणं." 1973 साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा काका शाळकरी होते. पुण्याहून आलेल्या पथकाने त्यांचंही रक्त नेलं होतं.

आम्ही रक्तजलाचे नमुने बर्फात घालून तपासणीसाठी पाठवले. ताप नेमका कधी चढला, ती तारीख काका घरी जाऊन पडताळत. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू सापडतो, पुढे प्रतिपिंडं. तारीख चुकली तर अहवालाचा अर्थच बदलतो. अहवाल आला, चिकुनगुनियाच होता.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने बार्शीचा 1973 चा विषाणू जपून ठेवला होता, हे मी पुढे वाचलं. तो आशियाई प्रकारचा, तर नव्या साथीतला आफ्रिकी. आणि हा आफ्रिकी प्रकार पुणे जिल्ह्यातल्या यवतला 2000 सालीच एडिस डासांत सापडला होता, मोठ्या साथीच्या कितीतरी आधी! कुणीतरी घरोघर फिरून ते डास पकडले होते. त्या माणसांना मी कधी भेटलो नाही, पण काकांबरोबर उन्हातान्हात हिंडल्यामुळे त्यांचे कष्ट मला कळतात.

आता माझ्याकडे नवा डॉक्टर आला, की पहिले काही दिवस मी त्याला आरोग्यसेवकाबरोबर कंटेनर सर्व्हेला, म्हणजे घरोघरच्या पाण्यात अळ्या शोधायला, धाडतो. ओपीडी मी सांभाळतो.