कणसाचा पाईप किती दिवस पुरतो

मुक्ताईनगर

चि. भाचेबुवांस,

दिवाळीला येतोस, आबांना नवा पाईप आणू का, पहिला एव्हाना जळून गेला असेल, असं तू विचारलंस. उत्तर 'नको' एवढंच आहे आणि ते फोनवरही देता आलं असतं. पण बाहेर गेलेली आपल्या मुक्ताईनगर-रावेरकडची बरीच पोरं घरच्या म्हाताऱ्यांना काय न्यावं या विचारात असतात, म्हणून पत्र उघडंच लिहितो, पाकीट न चिकटवता.

तिकडे अमेरिकेत सेंट लुईसपासून तासाभरावर मिसूरी नदीच्या काठी वॉशिंग्टन नावाचं गाव आहे आणि तिथं तंबाखू ओढायचे कणसाचे पाईप होतात, हे आम्हाला तुझ्यामुळेच कळलं. तू आणलेला पाईप आबांनी खोक्यातून काढला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आरे, हे त मक्याचं कनीस हाये. चुलीत घालायचं ते तोंडात घालू का?" तुझा चेहरा उतरला होता. पण शंका रास्त होती. आपल्याकडे मळणी यंत्र फिरलं की दाणे निघालेल्या कणसांचा ढीग खळ्यात पडतो. तो चुलीत जातो, बंबात जातो, वीटभट्टीवाला ट्रॉली भरून नेतो. जी वस्तू जाळायलाच घरात ठेवायची तिच्यात विस्तव घालायचा आणि वर तिनं जळू नये म्हणायचं, हे आबांच्या डोक्याला पटणार कसं?

ती जळत नाही असं नाहीच. हळू जळते, एवढंच. आणि हळू जळावी म्हणून त्या लोकांनी काय काय केलंय ते मी नंतर वाचून काढलं. हेन्री टिबी हा हॉलंडहून आलेला लाकूड-कातारी. एक शेतकरी कणीस कोरून केलेला पाईप घेऊन त्याच्याकडे आला, मला असे लेथवर कातून दे म्हणाला. टिबीनं थोडे जास्तीचे कातून दुकानात ठेवले, ते हातोहात गेले. ही गोष्ट 1869 ची. कणसाला बाहेरून खाचा असतात, तिथं ते ठिसूळ राहतं. म्हणून त्यानं त्या खाचा प्लास्टरनं भरून घासायची युक्ती काढली आणि 1878 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याची कंपनी, मिसूरी मीरशॉम, अजून चालू आहे. जनरल मॅकआर्थर 30 ऑगस्ट 1945 ला जपानात अत्सुगीच्या विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्या तोंडात पाईप होता तो कणसाचाच, आणि पोपायच्या तोंडातलाही तोच. आबांना मॅकआर्थर माहीत नाही, पोपाय मात्र तुझ्या लहानपणी टीव्हीवर त्यांनी तुझ्याबरोबर पाहिलाय.

खरी मेख बियाण्यात आहे. पाईपसाठी ते पांढऱ्या मक्याचं वेगळं वाण लावतात. कणसाचा दांडा जाड, लाकडासारखा टणक भरावा म्हणून मिसूरी विद्यापीठातल्या मका-पैदासकारांनी ते मुद्दाम तयार केलं. कणसं काढली की लगेच कातत नाहीत, दोनेक वर्षं वाळत ठेवतात. आपल्याकडे सगळं उलटं. आपल्याला दाणा हवा. कणसाच्या वजनात शंभराला ऐंशीच्या आसपास दाणा उतरला की वाण चांगलं. दांडा जेवढा बारीक तेवढा शेतकरी खूश, कारण कोंबडीखाद्यवाला, स्टार्चवाला किंवा इथेनॉलवाला दांड्याचा पैसा देत नाही.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. तू गेल्यावर आबांच्या आग्रहाखातर आपल्या सुताराकडून आपल्याच रब्बीच्या मक्याचा एक पाईप करून घेतला. कणीस निवडून निवडून जाड घेतलं, आतला मऊ गाभा गिरमिटानं काढला, वेळूची नळी बसवली. दिसायला झकास. आबांनी भरला, पेटवला, दोन-चार झुरके मारले आणि बोटं झटकून खाली ठेवला. गाभा काढल्यावर भिंत उरली होती जेमतेम, आणि पहिल्याच भरणीला एका बाजूला तपकिरी डाग उमटला. तो डाग पुढे काळा झाला, मग आरपार गेला. सुतार म्हणाला, "माल तुमचा, मजुरी माझी." त्याचंही बरोबर होतं.

आता मूळ प्रश्न. असा पाईप टिकतो किती? ओढणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव असा की एकच पाईप दिवसातून तीन-चार वेळा भरला, गरम असतानाच पुन्हा भरला, तर काही महिन्यांत, फार तर वर्षभरात तो उतरतो. दोन-तीन पाईप आलटून पालटून वापरले, प्रत्येकाला एक-दोन दिवस कोरडं व्हायला दिले, तर तोच माल कित्येक वर्षं चालतो. कणीस सच्छिद्र असतं. तंबाखूतला ओलावा पिऊन घेतं आणि सवड मिळाली की बाहेर सोडतं. सवड मिळाली नाही तर ते आतून भिजकं राहतं, आंबूस वास धरतं, मऊ पडतं आणि मग विस्तव त्याला खातो. स्वस्त पाईपला ही सवड कुणी देत नाही, म्हणून स्वस्त पाईप टिकत नाही असं लोक म्हणतात. माझं मत असं की पाईपला वय नसतंच. वय असतं ते ओढणाऱ्याच्या घाईला.

पाईप जातो तो बहुधा तळाकडून. तिथं लाकडी नळीचं टोक वाटीत डोकावतं, आधी ते कोळसतं. नवख्याला वाटतं पाईप पेटला, आणि तो फेकून देतो. खरं तर ते टोक जळून वाटीच्या भिंतीबरोबर झालं की जळायचं थांबतं, आणि त्यावर कोळशाचा थर बसतो. हा थर रुपयाच्या नाण्याएवढा जाड असला की भिंतीला आडोसा. त्याहून वाढला तर तापून फुगतो आणि भिंतीला तडा देतो. दुसरं मरण काठाकडून: काडी किंवा लायटर तंबाखूवर न धरता काठावर धरणाऱ्यांचे पाईप वरून झिजत येतात. तिसरं मरण दातांकडून, तोंडात धरायची प्लास्टिकची नळी चावून चावून. आबांना दातच थोडे, त्यामुळे त्या बाजूनं आपण निर्धास्त आहोत.

आबांचा पाईप अजून शाबूत आहे तो त्यांच्या चिलमीच्या सवयीमुळे. चिलीम ओढणारा माणूस घाई करत नाही. आधी चंची सोडायची, तंबाखू तळहातावर चोळायची, चिलमीत खडा टाकायचा, तंबाखू भरायची, वर निखारा, खाली ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, मग झुरका, आणि लगेच पुढच्याच्या हातात. एक चिलीम ओट्यावरच्या चौघांत फिरायची. एकाच्या वाट्याला येत होतं किती? पाईप एकट्याचा असला तरी आबा तसाच ओढतात. झुरका मारून खाली ठेवतात, केळीच्या भावावर बोलतात, तोवर तो विझतो. विझला तर विझला. पुन्हा पेटवायचा कंटाळा आला की तसाच कोनाड्यात.

एक गोष्ट मात्र त्यांना समजावायला लागली. चिलमीत कीट साठला की आजी ती चुलीच्या निखाऱ्यात पुरून ठेवायची. कीट जळून जायचा आणि चिलीम पुन्हा भट्टीतून काढल्यासारखी लालसर निघायची. मातीची ती, तिला आगीचं काय? कुंभाराची चिलीम हातातून पडून फुटेपर्यंत चालायची, फुटली की माघवारीच्या यात्रेत चांगदेवला गेल्यावर दुसरी. आबा पाईपही तसाच चुलीत घालायला निघाले होते. तुझ्या मामीनं वेळेवर हिसकावून घेतला. आता ती त्यात पिसाची काडी फिरवते, काठ ओल्या फडक्यानं पुसते, आणि हे सगळं करताना तंबाखूला शिव्या घालते. मेहनत तिची, धूर त्यांचा.

तंबाखूचंही सांगतो. तिकडची पाईपची तंबाखू दमट असते, सावकाश जळते. आपली चिलमीची सुकी. ती भडकून पेटते आणि वाटी चटकन तापते. आबा तिच्यावर गुळाच्या पाण्याचा हात मारतात, गुडाखूचा जुना हिशेब. भडका कमी होतो, पण चिकट थर लवकर चढतो, म्हणून खरवडणंही वाढतं. शिवाय हवा आपली तापीकाठची. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की नळी सैल होऊन गळून पडते, पावसाळ्यात फुगून अशी घट्ट बसते की ओढायची सोय नाही. ओढलीच तर बुंधा चिरतो.

एक गंमत सांगायची राहिली. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला होता, तिथं त्यानं तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि 1604 च्या सुमारास ती रत्नजडित नळीसकट बादशहापुढे ठेवली. बादशहानं कौतुकानं झुरके घेतले, हकिमानं तेव्हाच आडकाठी केली. हा असद बेग विजापूरला गेला होता शहजादा दानियालच्या लग्नाची नवरी आणायला, आणि दानियाल बसला होता बऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. पुढे 1617 मध्ये जहांगीरानं तंबाखूवर बंदी घातली. तिचं जे झालं तेच आपल्या 2012 च्या गुटखाबंदीचं झालं. पुढचं तुला स्टँडवरची कुठलीही टपरी सांगेल.

तो हकीम काही चुकला नव्हता. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक, असं आबांना त्यांच्या जोडीदारांनी पटवलंय. जिभेचा, तोंडाचा, घशाचा कॅन्सर व्हायला धूर छातीत जायची गरज नसते. गळ्यात तुळशीची माळ आहे, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी गेलेला माणूस, मद्य-मांस कधीचं सुटलं. तंबाखूचं नाव काढलं की म्हणतात, माळेत तिचा उल्लेख नाही. वयाकडे पाहून मी आता वाद घालत नाही. पण बिड्यांचं बंडल दिवसाआड यायचं ते बंद झालं, आणि पाईपला विश्रांती द्यायची म्हणून एक दिवसाआड ते मुकाट कोरडे राहतात. डॉक्टरांचं ऐकलं नाही, कणसाचं ऐकतात. म्हणून तर म्हणतो, दुसरा पाईप आणू नकोस. दोन झाले की आलटून पालटून रोज चालतील, आणि पाईप टिकवायचा नियम पाळूनही तंबाखू दुप्पट होईल.

आणायचंच असेल तर आत फिरवायच्या त्या लोकरीच्या तारांचं पुडकं आण, मामीचे हाल वाचतील. आणि त्या पांढऱ्या मक्याचं एक वाळलं कणीस मिळालं तर नुसतं बघायला आण, दाणे काढलेलं. बी आणायची भानगड विमानतळावर महागात पडते. सुताराला जाडी दाखवायची आहे.

तंबाखू तर मुळीच नको. कस्टमवाले 125 ग्रॅमपर्यंत येऊ देतात हे आबांना कुणीतरी सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं तर तुला नियम माहीत नाही असं सांग.

तुझा,
मामा